अमळनेरच्या आप्पांना उत्तर: कायदा रद्द कोण करतं आणि कसं

घटना न्यायालयांच्या, म्हणजे कायदा घटनेत बसतो का एवढंच तपासणाऱ्या वेगळ्या न्यायालयांच्या इतिहासावरच्या माझ्या लेखाखाली 'अमळनेरचे आप्पा' या टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सारांश देतो. आप्पांचं म्हणणं असं: इटलीचं साल चुकलंय. ऑस्ट्रियाचं कौतुकाचं कोर्ट तेरा वर्षांत बंद पडलं, ते लेखकाने सोयीस्करपणे गाळलं. न्यायाधीश राजकीय पक्षांनीच निवडायचे तर निःपक्षपातीपणा कसला? आणि शेवटी, युरोपातल्या या वेगळ्या न्यायालयांत आणि आपल्याकडच्या साध्या कोर्टांत फरक आहे या माझ्या मुद्द्यावर, "दोन्हीकडे कायदा रद्दच होतो ना, मग फरक काय? भरीत पार्टीत कळण्याची तिसरी भाकरी मोडल्यावर सुचतं ते ज्ञान आहे हे."

आप्पा, टीका करा, हक्क आहे तुमचा. पण लेखकाने काय खाल्लं असेल यावरून लेखाची किंमत ठरवायची ही कुठली पद्धत? समोरासमोर असतो तर हे वाक्य तुम्ही बोलला असता का? टोपणनावाआडून तोंड जरा जास्तच सुटतं.

आधी चूक कबूल करतो. इटलीचं न्यायालय मी 1948चं लिहिलं. 1948 हे राज्यघटना अमलात आल्याचं वर्ष, न्यायालय प्रत्यक्ष बसलं 1956 मध्ये. मधली आठ वर्षं घटनेची कसोटी साधी न्यायालयंच लावत होती. नवं न्यायालय बसताच पहिल्याच निकालात त्याने मुसोलिनीच्या काळातल्या 1931च्या पोलीस कायद्यातल्या तरतुदी उडवल्या. म्हणजे तुम्ही दाखवलेली चूक माझ्याच मुद्द्याला बळ देते, पण असो.

आता 'मग फरक काय?' याकडे येतो. धुळे-जळगावच्या कोर्टांत ही कलमं बावीस वर्षं हाताळतोय, त्यामुळे एवढं तरी ठामपणे सांगू शकतो.

धुळ्याच्या दिवाणी न्यायाधीशाला चालू दाव्यात वाटलं की अमुक कायदा घटनाबाह्य आहे, तर तो स्वतः काही रद्द करू शकत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 113च्या परंतुकाप्रमाणे त्याला तीन गोष्टी लेखी नोंदवाव्या लागतात: त्या कायद्याच्या वैधतेवाचून दाव्याचा निकाल लागत नाही, आपल्या मते तो अवैध आहे, आणि उच्च वा सर्वोच्च न्यायालयाने तसं अजून ठरवलेलं नाही. मग कारणांसह प्रकरण उच्च न्यायालयाकडे. त्याआधी त्याच संहितेच्या आदेश 27-अ खाली ॲटर्नी जनरलला, राज्याचा कायदा असेल तर महाधिवक्त्याला नोटीस. ही नोटीस राहून गेली की पुढचं सगळं लटकतं. व्यवहारात या वाटेने फारसं कुणी जात नाही. पक्षकार घटनेच्या कलम 226ची रिट घेऊन थेट उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ गाठतो. आणि तिथे त्याच न्यायमूर्तींपुढे भूसंपादन, शिक्षकांच्या नेमणुका, जातपडताळणी यांचीही रांग असतेच.

आता कार्ल्सरूहे पाहा. 1951 पासून तिथे जर्मनीचं घटना न्यायालय आहे: दोन सिनेट, प्रत्येकी आठ न्यायाधीश, मुदत 12 वर्षं, फेरनिवड नाही. साध्या न्यायाधीशाने दावा थांबवायचा आणि प्रश्न मधल्या वरिष्ठ न्यायालयांना वळसा घालून थेट तिकडे पाठवायचा. अट कडक: नुसती शंका चालत नाही, खात्री लागते, आणि ती कारणांनिशी मांडावी लागते. बरेच अर्ज इथेच गळतात. इटलीत शंका उघड बिनबुडाची नसली की पुरे. निकाल फक्त घटनेच्या प्रश्नावर. दावा परत त्याच न्यायाधीशाकडे येतो. घटना न्यायालयात जामीन नाही, शेताच्या बांधाचं भांडण नाही.

आणि 'रद्द' तरी कधीपासून? कायदेपंडित केल्सेनच्या ऑस्ट्रियन रचनेत निकाल प्रसिद्ध झाल्यापासून, शिवाय संसदेला दुरुस्तीसाठी मुदत देता येते, आज जास्तीत जास्त 18 महिने. जर्मनीत साधारणपणे मुळापासून शून्य. आपल्याकडे घटनेचं कलम 13, मूलभूत हक्कांविरुद्धचा कायदा शून्य ठरवणारं; त्यात पुन्हा घटनेपूर्वीचे कायदे 'ग्रहण' लागलेले, म्हणजे मेलेले नव्हे तर झाकोळलेले, आणि नंतरचे जन्मतःच मेलेले, असा भेद. 1967च्या गोलकनाथ निकालात 6 विरुद्ध 5 मतांनी ठरलेलं तत्त्व, की संसदेला घटनादुरुस्तीनेही मूलभूत हक्क कमी करता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने फक्त पुढच्यासाठी लागू केलं, कारण मागे नेलं असतं तर तोवरचे सगळे जमीनसुधारणा कायदे हवेत लोंबकळले असते. गिरणाकाठच्या कुळाला विचारा फरक काय पडला असता ते.

घटनेचे प्रश्न एकाच ठिकाणी नेण्याची ही कल्पना आपल्याकडेही अर्धवट येऊन गेली. 1976ची 42वी घटनादुरुस्ती. तिच्या कलम 131-अ आणि 226-अ यांनी केंद्रीय कायद्याची वैधता उच्च न्यायालयांच्या हातून काढून दिल्लीला नेली. 144-अ ने किमान सात न्यायमूर्ती आणि दोन तृतीयांश बहुमत मागितलं. म्हणजे सातपैकी चौघांनी कायदा घटनाबाह्य म्हटला तरी तो जिवंत, पाच हवेत. नंदुरबारच्या माणसाने केंद्राच्या कायद्याविरुद्ध थेट दिल्लीला जायचं. वेगळं न्यायालय न देता नुसती वाट बंद केली. 43व्या दुरुस्तीने 1978 मध्ये हे सगळं निघालं. म्हणून मी लेखात 'केंद्रित' शब्द जपून वापरला होता, तो तुम्ही वाचलाच नाही.

ऑस्ट्रियाचं न्यायालय 1933 मध्ये चॅन्सेलर डॉलफुसच्या सरकारने निकामी केलं, खरंय. हुकूमशाहीत कुठलंही कोर्ट निकामी होतं. आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टात दादही मागता येणार नाही असं सांगणारा जबलपूरचा 1976चा निकाल आपल्याच सर्वोच्च न्यायालयाचा आहे, त्यामुळे हा मुद्दा मी फार मोठा मानत नाही. पक्षांच्या निवडीबद्दल म्हणाल तर जर्मनीत दोन तृतीयांश बहुमत लागतं, एका पक्षाला ते सहसा जमत नाही. पुढे कधीतरी लिहीन.

इटलीचं साल मूळ लेखात दुरुस्त केलंय. चूक दाखवणाऱ्याचं नाव तळटीपेत द्यायची माझी पद्धत आहे. ते हवं असेल तर खरं नाव कळवा.