रॅमच्या स्टिकरवरून चिप ओळखता येत नाही

सोलापुरातल्या कॉम्प्युटरवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'रॅमवर ज्या कंपनीचा स्टिकर, चिपही तिचीच. खात्री करायची तर वरची धातूची पट्टी काढून बघा.'

हे बरोबर नाही. किंग्स्टन, कॉर्सेअर, जी.स्किल या कंपन्या चिप दुसऱ्यांकडून घेतात. जगातल्या बहुतेक रॅम-चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांच्या. त्यातही एकाच मॉडेलच्या दोन लॉटमध्ये वेगळ्या कंपनीची चिप निघू शकते. (क्रूशियल हा मात्र मायक्रॉनचाच ब्रँड.)

पट्टी कृपया उचकटू नका. ती चिकटवलेली असते, ओढताना चिपच उखडू शकते, वॉरंटीही जाऊ शकते. सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर उघडा. त्यात एसपीडी टॅबवर रॅमची कंपनी आणि चिपची कंपनी वेगवेगळ्या रकान्यांत दिसते. हलक्या मालात चिपच्या कंपनीचा रकाना कधी रिकामा किंवा चुकीचा असतो, तेवढं लक्षात ठेवा.

पट्टी नसलेल्या रॅमवर चिपचा नंबरच वाचा. डीडीआर४ या पिढीच्या रॅममध्ये सॅमसंगचा 'के४ए'ने सुरू होतो, हायनिक्सचा 'एच५ए'ने. मायक्रॉनच्या चिपवर फक्त छोटा कोड असतो, त्याचा अर्थ त्यांच्या वेबसाइटवर शोधता येतो.

तो मेसेज पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.