एमडेन सावरकरांना सोडवायला आली नव्हती

सप्टेंबर आला की एक मजकूर फिरू लागतो. थोडक्यात असा: १९१४ साली एमडेन ही जर्मन युद्धनौका सावरकरांना अंदमानातून सोडवायला बंगालच्या उपसागरात शिरली. क्रांतिकारक चेंपकरामन पिल्लै तिच्यावर अधिकारी होते आणि मद्रासवर तोफा त्यांच्याच इशाऱ्यावर डागल्या गेल्या. कप्तान कार्ल फॉन म्युलरने एका माणसाचंही रक्त सांडलं नाही. शेवटी इंग्रजांनी त्याला कैदेत मारलं आणि सगळी कागदपत्रं दडवली.

नावं खरी, जहाज खरं, तोफाही खऱ्या. जोडकाम तेवढं खोटं.

पिल्लैंपासून सुरुवात करू. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री मद्रासवर गोळे पडले तेव्हा ते स्वित्झर्लंडमध्ये, झुरिकला होते. बर्लिनमधल्या भारतीय क्रांतिकारकांच्या समितीत ते गेले ऑक्टोबरमध्ये. एमडेनने चीनमधलं त्सिंगताव बंदर ३१ जुलैलाच सोडलं होतं आणि त्यानंतर युरोपातून एखादा माणूस तिच्यावर चढवता येईल असं एकही बंदर तिच्या वाटेत नव्हतं. सुएझ इंग्रजांच्या ताब्यात, सिंगापूर आणि कोलंबो इंग्रजांचे. मग पिल्लै चढले कुठून? जहाजावर कपडे धुणाऱ्या तीन चिनी धोब्यांचा उल्लेख सापडतो, भारतीय अधिकाऱ्याचा सापडत नाही.

‘किनाऱ्याची माहिती द्यायला कुणीतरी भारतीय हवाच होता,’ हा यावरचा ठरलेला प्रश्न. नको होता. युद्ध सुरू होऊन सात आठवडे झाले तरी मद्रासचे दिवे शांततेच्या काळातल्यासारखे जळत होते, दीपगृहही चालू होतं. बर्मा ऑइल कंपनीच्या तेलटाक्या समुद्रावरून दिसत होत्या. शिवाय जहाजावर युलियस लाउटरबाख होता. हा राखीव दलातला अधिकारी, मूळचा व्यापारी जहाजांचा कप्तान, पूर्वेकडच्या जहाजांची आणि बंदरांची खडान्‌खडा माहिती असलेला. सुमारे अर्धा तास, सव्वाशेच्या आसपास गोळे, टाक्या पेटल्या आणि एमडेन अंधारात निघून गेली.

आता अंदमान. भावनेला हात घालणारा मुद्दा हाच आहे, म्हणून जरा थांबून पाहू. सावरकर १९११ पासून सेल्युलर जेलमध्ये होते हे खरं. पण एमडेनला अंदमानला जा असा हुकूम कोण देणार? ऑगस्टच्या मध्यावर पॅसिफिकमधल्या पॅगन बेटापाशी व्हाइस अ‍ॅडमिरल श्पेच्या ताफ्यापासून ती वेगळी झाली. हिंदी महासागरात एकट्या जहाजाने शिरायचं ही सूचना खुद्द म्युलरची होती. त्यानंतर ठावठिकाणा कळू नये म्हणून जहाजाने बिनतारी यंत्रावर मौन धरलं. बर्लिनला आपलं जहाज नेमकं कुठे आहे हेही कळत नव्हतं. कुठे जायचं, कुणाला पकडायचं, कोळसा कुठून मिळवायचा हे सगळं एकट्या कप्तानाच्या डोक्यावर. कोळसा तर तो पकडलेल्या जहाजांतूनच उचलत होता.

मद्रासनंतर जहाज पूर्वेला अंदमानकडे न वळता दक्षिणेला सिलोनच्या बाजूला गेलं, मग पश्चिमेला, मग थेट हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटापर्यंत. तिथल्या लोकांना महायुद्ध पेटल्याचा पत्ताही नव्हता. ऑक्टोबरच्या अखेरीस मात्र एमडेन निकोबार बेटांत कोळसा भरत होती. पोर्ट ब्लेअर तिथून सुमारे ४०० किलोमीटर, जेमतेम एका दिवसाची वाट. सोडवायचंच असतं तर ही वेळ होती. म्युलर गेला त्याच्या जवळजवळ दुप्पट अंतरावरच्या, मलायातल्या पेनांगला. ९ नोव्हेंबरला त्याने पन्नासेक माणसं किनाऱ्यावर उतरवली खरी, पण ती कोकोस बेटांवर, तारयंत्राचं ठाणं मोडायला.

ही कथा अगदी हवेतूनही आलेली नाही. १९१५ मध्ये जर्मन मदतीने बटाव्हियाच्या (आजच्या जकार्ताच्या) वाटेने शस्त्रं आणण्याचे बेत झाले, अंदमानवर धाड घालून कैदी सोडवण्याची योजनाही पुढे आली. ती मांडणारा व्हिन्सेंट क्राफ्ट इंग्रजांना फितूर झालेला निघाला हा भाग वेगळा. पण तोवर कोकोसच्या लढाईत मोडलेल्या एमडेनचा सांगाडा तिथल्याच नॉर्थ कीलिंग बेटाच्या खडकावर पडून होता.

भारतीयांशी या जहाजाचा खरा संबंध हवा असेल तर तो सिंगापूरला आहे. पकडला गेलेला लाउटरबाख तिथे कैदेत होता. १५ फेब्रुवारी १९१५ ला पाचव्या लाइट इन्फन्ट्रीच्या भारतीय शिपायांनी बंड केलं आणि जर्मन कैद्यांचे दरवाजे उघडले. लाउटरबाख निसटला. त्यानेच शिपायांना चिथवलं असा इंग्रजांचा आरोप होता. हा प्रसंग फॉरवर्डमध्ये कधी येत नाही, याचं मला नवल वाटतं.

रक्त न सांडल्याची गोष्ट अर्धी खरी आहे. व्यापारी जहाजं पकडताना म्युलरने खलाशी आणि प्रवासी आधी सुखरूप उतरवले, मगच जहाजं बुडवली. सुटताना काही कैद्यांनी त्याचा जयजयकारही केला. पण मद्रासला माणसं मेली. पेनांगला रशियन क्रूझर झेमचुग बुडाली तिच्यावर ऐंशीहून अधिक, फ्रेंच विनाशिका मुस्के बुडाली तिच्यावर आणखी कित्येक. आणि कोकोसपाशी ऑस्ट्रेलियन क्रूझर सिडनीच्या तोफांपुढे त्याचीच सव्वाशेहून अधिक माणसं गेली. तो सभ्य होता, पण लढाईवर निघालेला नौदल अधिकारी होता.

मद्रासवर हल्ला का केला, हे त्याने स्वतः अहवालात सांगितलं आहे: भारतीय जनतेचं लक्ष वेधावं, इंग्रजांचा व्यापार विस्कळीत व्हावा, त्यांचा दरारा कमी व्हावा. म्हणजे भारतीय त्याच्या हिशेबात होते, पण जर्मनीच्या फायद्यासाठी. त्याचं सगळं कर्तृत्व वरून हुकूम नसताना स्वतः ठरवण्यात आहे. त्याला दुसऱ्याच्या योजनेतला गाडीवान केलं की नेमकं तेच पुसलं जातं.

कागद दडवल्याचा आरोप दोन ओळींत संपतो. एमडेनचे अधिकारी म्युके आणि होहेनझोलर्न घराण्यातला राजपुत्र फ्रान्झ योझेफ यांनी आपल्या आठवणी जर्मनीत छापल्या. त्या इंग्रजांनी कशा दडवायच्या?

आणि कैदेतला मृत्यू? म्युलरला आधी माल्टाला ठेवलं, १९१६ मध्ये इंग्लंडला नेलं. तिथून १९१७ मध्ये वीसेक अधिकाऱ्यांसह तो भुयारातून पळाला आणि पकडला गेला. मलेरिया त्याला तरुणपणी जर्मन पूर्व आफ्रिकेत जडला होता. त्याच आजारामुळे इंग्रजांनी त्याला १९१८ च्या सुरुवातीला नेदरलँड्सला जाऊ दिलं, आणि ऑक्टोबरमध्ये तो मायदेशी परतला. ‘पूर ल मेरीत’ हा सर्वोच्च किताब मिळाला, नौदलातल्या ‘कॅप्टन’ या वरच्या हुद्द्यावर बढती मिळाली. १९१९ मध्ये तो निवृत्त झाला. आठवणी लिहायला त्याने नकार दिला, कारण मेलेल्या सोबत्यांच्या रक्तावर पैसा करतोय असं वाटत राहील, असं त्याचं म्हणणं. पुढे तो ब्राउनश्वाइगच्या प्रांतिक विधानसभेवर निवडून आला. ११ मार्च १९२३ ला, वयाच्या ४९ व्या वर्षी, तो त्याच शहरात वारला.