खारफुटी मु. पो. सोलापूर

गावाचा विकास आराखडा शाश्वत विकासाच्या ध्येयांना जोडायचाय? घाबरू नका ओ, लई सोप्पंय. युनोची ध्येयं 17, पण पंचायतींसाठी सरकारनं त्याच्या 9 थीम करून दिल्यात, त्यातली एखादी उचलायची. गावात पाणी नसंल तर 'जलसमृद्ध गाव' घ्या, फ्लेक्सवर निळा रंग उठून दिसतो.

2 ऑक्टोबरची ग्रामसभा भर उन्हात लावा. कोरमला 15 टक्के मतदार नायतर 100 माणसं लागतात, ती काय येत नाहीत, मग सभा तहकूब करायची, कारण तहकूब सभेला कोरमच लागत नाही.

ग्रामसभेच्या रजिस्टरवर सह्या घरपोच घ्या.

आणि आराखडा लिहीत बसू नका, उचला. परवा आमच्या दक्षिण सोलापुरातल्या गावाचा आराखडा चार चकरा मारून मिळवला (आधी 'सायबांकडं आहे', मग 'झेरॉक्स बंद आहे'), उघडून बघतो तर आत 'खारफुटीचे संवर्धन व मच्छीमार बांधवांचे प्रबोधन'. खारफुटी! खाडीच्या चिखलातली झाडं ती! अहो आमच्याकडं सहाशे फूट बोअर मारला तरी फुफाटा उडतो, आणि समुद्र म्हणजे लग्न झाल्यावर एकदा गणपतीपुळ्याला जाऊन बघायची गोष्ट. बरं, गावाचं नाव तरी बदलावं की, ते फक्त मुखपृष्ठावर बदललंय, आत कोकणातलं गाव जसंच्या तसं बसलंय. विचारलं तर म्हणे, ऑनलाइन अपलोड झालंय, आता काय होत नाही.

बंधित निधीची पण काळजी नको. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगातला (2021-26) 60 टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेलाच लावायचा होता, म्हणून आमच्याकडं शुद्ध पाण्याचं आरओ एटीएम आहे. पाच रुपयाचं नाणं टाकलं की आत खळ्ळ वाजतं, बास, तेवढंच. शेजारच्या आजी रोज कळशी लावून बसतात, आज तरी येईल म्हणून, आणि नाणं गेलं की मशीनला चापट मारून घरी जातात.

जाऊ द्या, आता मस्करी जमत नाही मला. दोन वर्षं झाली ते मशीन बंद पडून, मेकॅनिकला एक फोन करायला कुठलं ध्येय लागतं रे तुम्हाला? म्हाताऱ्या बाईचे पाच-पाच रुपये गिळताय आणि पानभर जलसमृद्धी लिहिताय, तीपण दुसऱ्याची चोरून! लाज कशी वाटत नाही? आणि आपण गावकरी तरी काय, मागच्या साली रजिस्टर दारात आलं तेव्हा मीच चहा पीत पीत न वाचता सही ठोकली होती.

आधी ती खारफुटी खोडा, मशीन चालू करा. तोवर रजिस्टर घेऊन माझ्या दारात यायचं नाही.