चार्टवरचे वीस, वीस, वीस

ताई,

नर्सिंगच्या मुलींसाठीच्या माइंडफुलनेस वर्गावर मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा अर्धी पटली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: एका सिस्टरच्या गळ्यात चाळीस पेशंट, नर्सिंगच्या मुली फुकटचा स्टाफ म्हणून राबतात, आणि आम्ही ट्यूटर त्यांना डोळे मिटून श्वास बघायला सांगतो. वर ही माइंडफुलनेस म्हणजे आपलीच विपश्यना, अमेरिकेतून फिरून आलेली.

पटलेलं आधी. केंद्राच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटचा निकष साध्या वॉर्डात सहा रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. ध्यानाचा वर्ग दाखवून कुणी भरती टाळत असेल, तर तुमच्या बाजूने मीही भांडेन. आणि लेखात गाळलेली एक कबुली: आमची पहिली बॅच नाइट ड्यूटी उतरल्यावर सकाळी बसवली होती, हजेरी सक्तीची. दहा मिनिटांत निम्म्या मुली झोपल्या. बरं केलं त्यांनी.

विपश्यनेचं म्हणाल तर जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सला माइंडफुलनेसचा हा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा मुळं बौद्ध ध्यानातच होती. पण इगतपुरीला दहा दिवस मौनात बसायला आमच्या मुलींना रजा कोण देणार?

न पटलेलं एवढंच, की तुम्ही याला ताणावरची गोळी समजलात. (शीर्षक मीच तसं दिलं होतं.) मला त्यातून हवं आहे ते लक्ष. टीपीआर चार्ट घ्या, म्हणजे ताप, नाडी, श्वास लिहायचा तक्ता. श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचा, तोही पेशंटला कळू न देता, कारण कळलं की त्याची लय बदलते. म्हणून नाडी झाली तरी मनगट सोडायचं नाही, नजर छातीवर ठेवायची. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. न मोजताच अख्ख्या रांगेला वीस, वीस, वीस. मीही लिहिलेत.

दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीला असाच चार्ट घेऊन परत पाठवलं, मागोमाग गेले. खिडकीजवळच्या आजोबांपाशी ती थांबली. मनगट धरलेलं, ओठ हलतायत. मध्येच शेजारच्या नातेवाइकाने सलाईन संपल्याचं सांगितलं, तिची मोजणी चुकली. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "मॅडम, बत्तीस." मी मोजले, तेवढेच. इन्चार्जना सांगितलं, डॉक्टर आले. सकाळच्या रकान्यात वीसच होते.

मन मिनिटभर एका जागी ठेवणं आणि भरकटलं की न चिडता परत आणणं, वर्गात एवढंच करून घेते. आता वेगळा तासही घेत नाही. साबणाने हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, सराव तिथेच बेसिनपाशी.

चाळीस पेशंट म्हणजे नुसत्या श्वासालाच चाळीस मिनिटं, हे गणित मलाही येतं. म्हणून मुलींना सांगून ठेवलंय, मोजला नसेल तर आकडा लिहू नका, रकाना कोरा ठेवा आणि इन्चार्जना तसं सांगा. कोऱ्या रकान्यांवरून बोलणी बसली, तर माझं नाव सांगा.