घरची फुलं, दहाची पुडी

गच्चीवर किंवा अंगणात फुलं जरा जास्त यायला लागली की घरातलं कोणीतरी म्हणतंच, ‘‘एवढी वाया जातात, रविवारच्या शेतकरी बाजारात घेऊन बसायला काय हरकत आहे?’’ असं सुचवणारी व्यक्ती रविवारी साडेआठला उठणारी असते. बाजार सातला भरतो. देवपूजावाली गिऱ्हाइकं सातच्याही आधी येऊन ‘‘अजून मांडलं नाही का?’’ म्हणत उभी असतात.

फुलं लावणं कठीण नाही. रोपवाटिकेतून रोप आणा, शेणखत घाला, पाणी द्या, बाकीचं झाड बघून घेतं. विकायला निघालं की मात्र कळतं, प्रत्येक फुलाची ड्यूटी वेगळी आहे. जास्वंदाची रंग दिसू लागलेली टपोरी कळी आदल्या संध्याकाळी खुडून झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे सकाळी बाहेर काढल्यावर ती उमलते. उमललेलं जास्वंद नेलं तर दुपारपर्यंत ते मिटायच्या तयारीला लागतं, आणि मिटलेलं जास्वंद गणपतीला चालतं हे अजून एकाही काकूंना पटवता आलेलं नाही. मोगऱ्याची कळी पूर्ण भरलेली, पांढरी झालेली, पण मिटलेलीच हवी. सोनचाफा उजाडायच्या आत, आणि तोही देठाला धरून. पाकळीला बोट लागलं की तासाभरात तिथे तपकिरी ठसा उमटतो, पोलीस ठाण्यात घेतात तसा स्पष्ट. शेवंती आणि झेंडू यांचं उलटं. त्यांच्यावर दव असताना खुडायचं नाही, कारण ओलं फूल ढिगात कुजतं. नाशिकच्या थंडीत दव सुकायला नऊ वाजतात आणि बाजार तर सातचा. म्हणून ही दोन्ही आदल्या दिवशी ऊन उतरल्यावर खुडायची आणि रात्रभर ओलसर गोणपाटावर पातळ थरात पसरून ठेवायची. गोणपाटाला हॉलशिवाय जागा नसते. शनिवारी रात्री पाहुणे आले तर त्यांना भिंतीकडेने चालायला सांगावं.

प्लास्टिकच्या पिशवीत भरून ठेवू नका, हे मी तरी प्रत्येक नवशिक्याला सांगत असतो. तोडलेलं फूलही श्वास घेतं. बंद पिशवीत ढीग तापतो, वाफ धरते, आणि सकाळी पिशवीत हात घातला की मधली फुलं भातासारखी गरम आणि खालची काळी निघतात. बांबूची पाटी, खाली गोणपाट, वर ओलं करून घट्ट पिळलेलं सुती फडकं, एवढंच लागतं. पिळायचं विसरलात तर मोगऱ्यावर डाग पडतात. मेमध्ये आणखी एक संकट येतं. मोगऱ्याचा डबा फ्रिजमध्ये, आणि शेजारच्या कप्प्यात पिकलेले आंबे. पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू सुटतो. फळ त्याने पिकतं आणि फूल म्हातारं होतं. तेव्हा एक तर आंबे बाहेर काढा, नाहीतर मोगरा. कोण बाहेर निघतं हे घराघरात आधीच ठरलेलं असतं.

झेंडूचा हिशेब वेगळा आहे, तो पंचांग उघडूनच करायचा असतो. संकरित झेंडूचं बी टाकल्यापासून रोप लावणीला यायला पंचवीस-तीस दिवस, लावणीनंतर फुलं सुरू व्हायला साधारण पंचावन्न-साठ. म्हणजे दसऱ्यापासून मागे तीन महिने मोजायचे. त्यात रोप लागल्यावर शेंडा खुडला तर फांद्या वाढतात, फुलंही वाढतात, पण बहर आठवडाभर पुढे सरकतो. हौशी माणूस शेंडा खुडतो आणि आठवडा मोजायला विसरतो. पुसा नारिंगीसारखी जात घेतली तर बी पेरल्यापासून चार महिन्यांहून जास्त धरावे लागतात, आणि बियांच्या पाकिटावर हे वाचायला भिंग लागतं. सगळ्यात मोठा घात अधिक महिना करतो. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला होता. २०२६ साली अधिक ज्येष्ठामुळे तो २० ऑक्टोबरवर गेला. ‘गेल्या वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात बी टाकलं होतं, छान जमलं’ म्हणून त्या साली तेच करणाऱ्याचा झेंडू ऐन पितृपक्षात फुलणार. पितृपक्षात तोरण कोणी बांधत नाही. झाडं दारात सोन्यासारखी डवरलेली आणि बाजारात विचारणारं कुत्रं नाही.

शेवंतीला पंचांग लागत नाही, पण अंधार लागतो. दिवस लहान आणि रात्री मोठ्या व्हायला लागल्या की ती कळ्या धरते. गच्चीच्या कठड्याजवळ गल्लीतल्या दिव्याचा झगझगीत उजेड पडत असेल तर तिला वाटतं अजून दिवसच आहे, आणि ती नुसता पाला वाढवत बसते. खतवाला खत देतो, औषधवाला औषध देतो, दोघांचा धंदा होतो. कुंड्या पाण्याच्या टाकीमागच्या अंधारात सरकवल्या की काम फुकटात होतं.

आता मुख्य गोष्ट. नवशिका विक्रेता काय करतो? रंगांप्रमाणे ढीग मांडतो, प्रत्येक ढिगापुढे सुवाच्य अक्षरात नाव लिहितो, आणि गिऱ्हाईक फुलांचं कौतुक करेल म्हणून वाट बघतो. कौतुक होतं. फोटोही निघतात. कॉलेज रोडकडची मंडळी झिनियाबरोबर सेल्फी काढतात, ‘‘किती फ्रेश!’’ म्हणतात आणि कोथिंबिरीकडे वळतात. तोवर शेजारच्या मावशी, ज्यांच्याकडे तीनच जातींची फुलं आहेत, चाळीस पुड्या विकून चहाला गेलेल्या असतात. गिऱ्हाईक फूल विकत घेतच नाही. सकाळची पूजा उरकायला लागणारी खटपट कोणीतरी आधीच करून ठेवलेली असते, ती विकत घेतं.

म्हणून पुडी. दहा रुपयांच्या पुडीत काय असावं याचं शास्त्र आहे. एक ठसठशीत फूल, जास्वंद किंवा गुलाब. चार-पाच झेंडू किंवा शेवंती. मूठभर सुटी फुलं, तगर, कण्हेर, जे असेल ते. दूर्वांची एक जुडी, तुळशीचा एक शेंडा. सोमवारसाठी बेलाची तीन पानी डहाळी, फाटलेलं पान नको. गुलाब तळाशी आणि तुळस वर अशी भरली की पुडी उघडल्यावर तुळस हातात येते आणि गुलाब चुरगळलेला निघतो. तुळस खाली, सुटी फुलं मध्ये, मोठं फूल वर. राज्यात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तेव्हा केळीच्या पानाचा तुकडा घ्यावा. तो आधी विस्तवावरून किंवा गॅसवरून क्षणभर फिरवला तर मऊ पडतो, नाहीतर घडीवर चिरतो. वर्तमानपत्रही चालतं, पण ओल्या फुलांना शाई लागते आणि मग देवाच्या मस्तकावर कालच्या कांद्याचे भाव उमटतात.

दूर्वांविषयी दोन शब्द जास्त लिहायला हवेत, कारण पुडीतला सगळा तोटा तिथे आहे. जुडीत एकवीस काड्या, प्रत्येक कोवळी, तीन किंवा पाच पात्यांची. निवडायला बसलं की एका जुडीला दोन-तीन मिनिटं सहज जातात. पन्नास जुड्या म्हणजे दोन तास, आणि बदल्यात पुडीमागे सुटे दोन रुपयेही पडत नाहीत. शिवाय काड्या मोजून बघणारे आजोबा प्रत्येक बाजारात एक तरी असतातच. वीस भरल्या तर सगळ्यांसमोर जाहीर करतात, बावीस भरल्या तर गप्प खिशात घालतात. तरीही दूर्वा ठेवाव्याच लागतात. अंगारकीला जुडी नसलेली पुडी परत येते.

मोगरा सुटा विकावा की गजरा करून, हा वाद आमच्या धंद्यात जुना आहे. माझं मत गजऱ्याच्या बाजूने, पण बोटांची तयारी असेल तरच. घट्ट गजऱ्याच्या एका वितीला शंभरेक कळ्या जातात. दोन कळ्या इकडे, दोन तिकडे, देठ मधे आणि वरून दोऱ्याचा वेढा. दोरा केळीच्या सोपटाचा घ्यावा, पाण्यात भिजवून. तो कळीला कापत नाही आणि ओलावा धरून ठेवतो. शिलाईचा दोरा घेतला तर ओढताना कळ्यांची मुंडकी टपाटप पडतात. मार्चपासून बहर हवा असेल तर थंडीत पाणी तोडून जानेवारीत छाटणी करावी लागते. छाटणी करणाऱ्याला घरच्यांचे बोल खावे लागतात, कारण छाटलेला मोगरा महिनाभर काट्याकुट्यांसारखा दिसतो.

वजनावर विकावं की नगावर? झेंडू किलोवर, बाकी सगळं नगावर किंवा वाट्यावर. किलोत मोठा झेंडू सव्वाशे-दीडशे भरतो, पण पाणी मारलेला त्याहून बराच कमी. झेंडूच्या गच्च पाकळ्यांत पाणी भरपूर साठतं, हे बाजारात सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे तुम्ही शुद्ध कोरडी फुलं आणलीत तरी गिऱ्हाईक एक फूल उचलून पिळून बघतंच. तोरणं करून नेली तर वजनाची भानगडच उरत नाही. तीन फुटांच्या दाराला साडेचार फूट दोरा, वीस-पंचवीस फुलं, मधे मधे आंब्याची पानं. पानं देठाजवळ दुमडून दाभणाने ओवायची, नुसती टोचली की वाळल्यावर गळतात.

आता गिऱ्हाईक. मोगऱ्याची ओंजळ उचलून खोल श्वास घेणारे आणि मग ‘‘अहो, पण वास घेतलेलं फूल देवाला चालत नाही ना’’ म्हणून ती ओंजळ परत पाटीत टाकणारे लोक आहेत. हे ते स्वतःच सांगतात, स्वतःच वास घेऊन. निशिगंधाचं उलट. डबल पाकळीचा निशिगंध दिसायला भरदार, फुलदाणीत टिकायला चांगला, पण वास बेताचा. वास हवा तर सिंगल. डबल घ्यायचा आणि ‘‘वासच नाही, शिळा दिसतोय’’ म्हणायचं, ही रविवारची रीत आहे. शिवाय ‘‘ताई, वर चार फुलं टाका, देवालाच तर आहेत.’’ देवाचं नाव निघालं की घासाघीस करता येत नाही. ‘नाही’ म्हणणारा पापी ठरतो आणि चार फुलं देणारा बुडतो. यावर उपाय असा की पुडी आधीच तीन फुलं कमी भरायची आणि मागितल्यावर हात सैल सोडून तीन टाकायची. सगळा फूलबाजार हेच करतो, फक्त कोणी लिहून ठेवलेलं नाही.

पैसे ऑनलाइन घेणं सोयीचं, पण क्यूआर कोडचा कागद लॅमिनेट करून टांगावा. फुलांवर शिंपडलेलं पाणी त्यावर उडतं, शाई पसरते, आणि मग प्रत्येक गिऱ्हाईक मोबाइल तिरका-उभा धरून कवायत करतं. सुटे दहा-वीस रुपये तरीही लागतात. पहिलं गिऱ्हाईक पाचशेची नोटच काढतं आणि दहाची पुडी मागतं. भवानीला नाही म्हणायची सोय नसते.

नाशिकच्या गोदावरीकाठी, गोदाघाटावर भरणाऱ्या बुधवारच्या बाजाराची तऱ्हा आणखी वेगळी. पावसाळ्यात तिथे बसणाऱ्यांना फुलांबरोबर वरच्या अंगाच्या गंगापूर धरणातल्या विसर्गाचीही माहिती ठेवावी लागते. क्युसेकचे, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सुटतंय त्याचे, आकडे तिथे सगळ्यांना पाठ, आणि पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर आलंय त्यावर पाट्या उचलायच्या की नाही ते ठरतं. घरगुती हौशी विक्रेत्याने जुलै-ऑगस्टमध्ये उंचावरचा बाजार धरावा. फुलांना पाऊस तसाही मानवत नाही, झेंडूच्या पाकळ्यांत पाणी साचून फूल आतून सडतं आणि वरून छान दिसतं.

अकरा वाजले की उरलेल्या मालाकडे बघावं लागतं. भाव पाडून विकावं, तर पुढच्या रविवारी लोक अकरालाच येतात. देशी गुलाबाच्या पाकळ्यांना जितकं वजन तितकीच साखर घालून गुलकंद होतो, पण औषध न मारलेल्याच घ्याव्यात. झेंडू, शेवंती कंपोस्टमध्ये. दसऱ्याच्या दुपारी तर कंपोस्टही अपुरं पडतं. सकाळपर्यंत ज्या झेंडूवर झुंबड असते, त्याची बाराच्या पुढे कॅरेटच्या कॅरेट रस्त्याकडेला ओतलेली दिसतात. गाडीभाडं देऊन परत न्यायला परवडत नाही.

बाजारातलं गिऱ्हाईक एक वेळ परवडलं. खरी गाठ सोसायटीत पडते. पाट्या रिकाम्या करून जिना चढत असताना दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी हसतमुखाने दार उघडतात, ‘‘राहिलीत का चार फुलं? द्या ना, घरचीच तर आहेत.’’ त्यांना रविवारी द्यावी लागतातच, पण सोमवारी पहाटे गच्चीवरच्या जास्वंदाच्या कळ्या मोजून ठेवलेल्या बऱ्या. त्यांचे यजमान फिरायला पाचला निघतात आणि जाताना पिशवी बरोबर असते.