स्केटबोर्डवाल्याची डॉक्युमेंटरी चारचौघांत कशी बघावी

मागच्या शनिवारी आमच्याकडे, म्हणजे सनीव्हेलच्या आमच्या भाड्याच्या घरात, मोठी-लहान धरून नऊ मंडळी जमली होती आणि 'बोन्स ब्रिगेड: ॲन ऑटोबायोग्राफी' बघायचा बेत होता, ऐंशीच्या दशकातल्या स्केटबोर्डवाल्या पोरांच्या टीमवरची डॉक्युमेंटरी. 2012 ची फिल्म, दिग्दर्शक स्टेसी पेराल्टा. मी ती आधी चार वेळा बघितलीये, आणि खरं सांगायचं तर त्या टीममधल्या रॉडनी मलन या एका अवलियासाठी बघितलीये. पाचव्यांदा लावली ती एवढ्यासाठी की आपल्या माणसांसोबत, आपल्या भाषेत जरा चर्चा होईल. झाली. भरपूर झाली. त्यातून मला जे ज्ञान मिळालं ते तुमच्यासाठी इथे लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी कोणाकडे जाल तेव्हा उपयोगी पडेल.

सुरुवातीची नावं संपायच्या आत विचारा, "हाच ना तो 900 वाला?" नाही हो, हवेत अडीच गिरक्या, म्हणजे 900 अंश, घेणारा तो टोनी हॉक, 1999 च्या एक्स गेम्स स्पर्धेतला. तोही आहे यात, तो काय तो उंच हडकुळा. पण तुम्ही विचारत रहा. टीममधला तिसराच कोणी, स्टीव्ह कॅबालेरो, दिसला तरी विचारा.

तुमच्यात 'प्रो स्केटर 2' हा व्हिडिओ गेम खेळलेला एकजण असेलच. त्याला मलनच्या चालींची बटणं अजून पाठ आहेत. ती त्याला म्हणू द्या, रामरक्षा म्हटल्यासारखी, सगळी.

रिमोट कायम अशा माणसाकडे द्या ज्याला घरी जायची घाई आहे. मलन बोलता बोलता थांबतो, मान खाली घालतो, शब्द शोधत बसतो, मध्येच आवाज भरून येतो. आता तुम्ही म्हणाल, हेच तर बघायला बसलोय. छे! आमच्याकडच्या रिमोटधाऱ्यांना वाटलं बफरिंग चालू आहे. दाबलं फॉरवर्ड. दोनदा.

पंधराव्या मिनिटाला निदान करून टाका. डॉक्टर असायची गरज नाही, ऑफिसच्या वेलनेसच्या दोन ईमेल वाचलेल्या असल्या की पुरे. "हा शंभर टक्के ऑटिझम स्पेक्ट्रमवर आहे, आमच्या टीममध्ये पण असाच एक आहे." मग कोणीतरी म्हणतं, रात्री एकटाच स्केटिंग करतो म्हणे, कोणी बघत नसेल तिथे जाऊन. झालं, पुरावाच मिळाला. या माणसाच्या मांडीच्या सांध्यात वर्षानुवर्षं पडून पडून जखमांचे इतके जाड वण साचले की पाय हलेना, आणि याने रात्री-अपरात्री गाड्यांखाली स्वतःला अडकवून, जोर लावून लावून तो सांधा सोडवला, त्याला काही वर्षं लागली, आणि मग पायांची जागा उलटी करून उभं राहायला पहिल्यापासून शिकला. हे मी सांगितलं. त्यावर आलेली प्रतिक्रिया: "बघा, म्हटलं नव्हतं?"

पायाकडे अजिबात बघू नका. तोंडाकडे बघा, केसांकडे बघा, ऐंशी सालच्या त्या तोकड्या चड्ड्यांना हसा. मी म्हणालो, थांबा, इथे जरा पॉज करू, हे ऑली आहे. ॲलन गेलफंड नावाच्या पोराने फ्लोरिडात पूलच्या उभ्या भिंतीवर ही चाल काढली, तिथे भिंत तरी तुम्हाला वर फेकते. मलनने 1982 मध्ये ती सपाट जमिनीवर आणली. सपाट म्हणजे सपाट, उतार नाही, रॅम्प नाही. मागच्या पायाने बोर्डची शेपटी जमिनीवर फटकन आपटायची, बोर्ड उसळून उभा व्हायला लागला की पुढचा पाय त्याच्यावरून घासत पुढे न्यायचा, की मागचं टोक वर येतं आणि माणूस नि बोर्ड दोघं हवेत, हात न लावता. पुढच्या वर्षी किकफ्लिप, म्हणजे ऑली मारून बोर्ड हवेत गरकन उलटा फिरवायचा. आज जगात कुठेही एखादं पोरगं फूटपाथच्या कडेवर उडी मारतं ते या माणसाच्या जिवावर. (मी स्वतः चाळिशीत ऑली शिकायला गेलो आणि मनगट मोडून आलो, त्यामुळे मला जरा जास्तच भक्ती आहे हे कबूल.) एवढं सगळं ऐकून एक वहिनी म्हणाल्या, "पण ते बुटाला चिकटवलेलं असतं ना?" आणि समोसे आले.

"इंडियात असता तर याला कोणी विचारलं नसतं" हे वाक्य जेवणाआधी एकदा आणि जेवणानंतर एकदा.

पॅशन हा शब्द दर पाच मिनिटांनी यायला हवा. नव्वदच्या सुमाराला फ्रीस्टाइलला, म्हणजे सपाट जागेवरच्या कसरतींच्या स्केटिंगला, कुत्रं विचारेना झालं, हा माणूस त्याआधीची दहा वर्षं एखाददुसरी सोडून प्रत्येक स्पर्धा जिंकलेला, आणि अचानक त्याला येतं ते कोणालाच नको. स्केटबोर्ड कंपनीवाल्या माइक टर्नास्कीने मागे लागून त्याला रस्त्यावरच्या स्केटिंगमध्ये उतरवला, विशीच्या मध्यावर, पोराटोरांच्यात, नवशिक्यासारखा. 1992 च्या 'क्वेश्चनेबल' या स्केट व्हिडिओमध्ये तो दिसतो तेव्हा जुन्या चाली कठड्यांवर आणि पायऱ्यांवर नेऊन ठेवलेल्या. हे पॅशन नाही हो, हे पाण्यात पडून पोहायला लागणं आहे. पण "फॉलो युवर पॅशन" म्हणायला सोपं पडतं, म्हणा.

आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला, हा वहीत लिहून घ्या. बापाचं कौतुक करा. मलनचे वडील डेंटिस्ट, भयंकर कडक. दहाव्या वर्षी पोराला बोर्ड मिळाला तो या अटीवर की पॅड घातल्याशिवाय उभं राहायचं नाही आणि जोरात लागलं की त्या दिवसापासून बंद. हा भाग आला आणि आमचे एक स्नेही, जे इतका वेळ फोनवर होते, ते एकदम सावरून बसले. म्हणाले, "हे बघा! टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. बाप कडक होता म्हणून पोरगं घडलं." आणि शेजारी बसलेल्या स्वतःच्या तेरा वर्षांच्या मुलाकडे वळून, "बघ. शिक काहीतरी."

अहो कसले घाव आणि कसलं देवपण! तो बाप मूर्ती घडवत नव्हता, दगड उचलून फेकून द्यायला निघाला होता! आता पुरे, सोड ते, अशी फर्मानं सुटायची त्या घरात. पोराने बापाच्या धाकात राहून, धाक चुकवून, शेतावरच्या त्या आडबाजूच्या घरी मिळेल त्या सपाट काँक्रीटवर एकट्याने काय केलं ते आपण बघतोय, आणि श्रेय कोणाला, तर ज्याने बोर्ड बंद करायची धमकी दिली त्याला! चाळिशी उलटल्यावरही तो माणूस वडिलांबद्दल बोलताना कसा होतो ते दिसलं नाही तुम्हाला? नाहीच दिसणार, तेवढ्यात फॉरवर्ड केलंत ना तुम्ही. हो, रिमोट तुमच्याकडेच होता, आता लपवून काय करायचंय.

आणि तुमच्या मुलाबद्दल. आल्या आल्या तुम्हीच हसत सांगितलंत की त्याचा बोर्ड महिनाभर गाडीच्या डिकीत कुलूपबंद आहे, मॅथचे मार्क सुधारेपर्यंत. वर हेही सांगितलंत की कार्ट्याने साठ डॉलरचे बूट तीन आठवड्यांत फाडले, काळजीच नाही वस्तूंची. मी ते बूट बघितले. आमच्या दाराशी सगळ्यांच्या चपलांच्या गर्दीत पडले होते. उजवा जवळजवळ नवा आणि डावा करंगळीच्या बाजूला असा घासून फाटलाय की आतला मोजा दिसावा. एकाच जागी. तुम्हाला ती नासधूस वाटली. ती ऑली आहे, साहेब! शेकडो वेळा, त्याच कोनात, बोर्डवरच्या त्या सॅंडपेपरवर पाय घासल्याशिवाय तसं भोक पडत नाही. तुमचं पोरगं कुठेतरी पार्किंग लॉटमध्ये एकटं हेच करत होतं, तुम्ही बोर्ड उचलून नेईपर्यंत. दोन तास माझ्या सोफ्यावर बसून तुम्ही पडद्यावरच्या विक्षिप्त माणसाला टाळ्या वाजवल्यात, आणि घरातल्याला म्हणे, शिक काहीतरी! लाज वाटायला पाहिजे होती, निदान त्या मुलासमोर तरी.

निघताना तो लेस बांधत बसला होता, तुम्ही पुढे गेला होतात. हळूच मला म्हणाला, "काका, पुढचा पाय आधी सरकवायचा की उचलायचा?" अख्ख्या संध्याकाळचा हा एकमेव कामाचा प्रश्न. मी तोंड उघडलं आणि तुम्ही खालून हॉर्न दिलात, रात्री साडेदहाला.

दोन्ही करायचं म्हणावं त्याला. आधी घोटा आत वळवून सरकवायचा, मग गुडघा वर. एवढा निरोप द्या, आणि ती डिकी उघडा.