अल्बर्टा खरंच कॅनडातून फुटणार का? फिरणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

२८ एप्रिल २०२५ च्या निवडणुकीत कॅनडात लिबरल पक्ष परत सत्तेत आला, मार्क कार्नी पंतप्रधानपदी राहिले आणि तेव्हापासून एक मेसेज फिरतोय तो काही थांबत नाही. मेसेज थोडक्यात असा: अल्बर्टाने (कॅनडाच्या पश्चिमेकडचा तेलवाला प्रांत) लिबरलना नाकारलंय म्हणजे त्यांना बाहेरच पडायचंय, सार्वमतात ५१ टक्के पडले की वेगळा देश, यूएनच्या कायद्याने समुद्रापर्यंत पाइपलाइनचा हक्क मिळतो, ओटावाला (म्हणजे केंद्र सरकारला) जाणारे पैसे बंद, आणि तिथल्या पीआरवाल्या (कायम राहण्याचा परवाना असलेल्या) भारतीयांनी आत्ताच दुसऱ्या प्रांतात हलावं. अल्बर्टातल्या कॅल्गरी-एडमंटनमधली ओळखीची घरं हे वाचून खरोखर घाबरलीयेत, एकीने तर एडमंटनमधली चांगली नोकरी घ्यायची की नाही म्हणून उत्तर लांबवलंय. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"लिबरलना नाकारलं म्हणजे वेगळं व्हायचंय." अल्बर्टातल्या ३७ पैकी ३४ जागा कॉन्झर्व्हेटिव्हना मिळाल्या हे खरं. पण हा पक्ष अख्खा कॅनडा चालवायला निघालेला पक्ष आहे, त्याचे नेते पिएर पॉलिएव्ह कॅल्गरीत वाढलेले, स्वतःची ओंटारियोतली जागा हरल्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये अल्बर्टातूनच पोटनिवडणुकीत सुमारे ८० टक्के मतं घेऊन निवडून आले, आणि ते फुटण्याच्या विरोधात आहेत. मग वेगळं व्हायला मागणाऱ्यांना मतं किती पडतात? जून २०२५ मध्ये ओल्ड्स भागात प्रांतिक पोटनिवडणूक झाली. अगदी ग्रामीण, ओटावावर चिडलेला पट्टा, १९८२ मध्ये इथूनच एक फुटीरवादी उमेदवार निवडून आला होता आणि त्याच वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीत पडलाही होता. तिथे यावेळी अल्बर्टाच्याच स्वातंत्र्यवाल्या रिपब्लिकन पार्टीचा उमेदवार तिसरा आला, १८ टक्क्यांच्या आसपास. जिथे त्यांची सगळ्यात जास्त हवा असायला हवी तिथली ही गत. उलट "आम्ही कॅनडातच राहणार" या अर्जावर अल्बर्टात चार लाखांहून जास्त सह्या झाल्या.

"५१ टक्के झाले की देश." सगळ्यात जास्त दिशाभूल इथे आहे, म्हणून जरा सविस्तर. अल्बर्टाच्या प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्री) डॅनिएल स्मिथ यांच्या सरकारने निवडणुकीच्या दुसऱ्याच दिवशी विधेयक आणून सार्वमत मागण्यासाठी लागणाऱ्या सह्यांची अट बरीच खाली आणली, १,७७,७३२ वर. पण सह्या झाल्या, मतदान झालं, अगदी "हो" जिंकलं तरी त्याने होतं काय? वेगळं व्हायला निघालेल्या क्वेबेक प्रांताबाबत कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने १९९८ मध्येच सांगितलंय की कुठलाही प्रांत एकतर्फी बाहेर पडू शकत नाही, ना कॅनडाच्या कायद्याने ना आंतरराष्ट्रीय कायद्याने. स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत मिळालं तर बाकीच्यांवर वाटाघाटीला बसायचं बंधन येतं, बस इतकंच. २००० च्या क्लॅरिटी अ‍ॅक्टनुसार प्रश्न स्पष्ट होता का, बहुमत पुरेसं होतं का हे ठरवणार ओटावाची संसद. त्यानंतर सगळ्या प्रांतांबरोबर बोलणी, कर्जाची वाटणी, सीमा, मूळ निवासींचे हक्क, आणि शेवटी संविधान दुरुस्ती.

आणि हे नुसतं कागदावरचं नाही हो. ऑक्टोबर २०२१ मध्ये अल्बर्टाने सार्वमत घेतलंच होतं, संविधानातलं इक्वलायझेशनचं (केंद्राने गरीब प्रांतांना मदत देण्याचं) कलम काढा म्हणून. जवळपास ६२ टक्के लोक "हो" म्हणाले. ते कलम आजही जिथल्या तिथे आहे, कारण ते काढायला किमान सात प्रांत आणि देशाची निम्मी लोकसंख्या सोबत लागते. एक कलम हललं नाही तिथे नकाशा हलणार?

जमिनीचं तर मेसेजमध्ये नावच नाही. अल्बर्टा प्रांत झाला १९०५ मध्ये, त्याआधीच फर्स्ट नेशन्सचे (मूळ निवासी समाजांचे) करार झालेत, ट्रीटी ६ (१८७६), ट्रीटी ७ (१८७७), ट्रीटी ८ (१८९९), आणि ते ब्रिटिश राजसत्तेशी झालेत. जवळजवळ अख्खा प्रांत त्या जमिनीवर उभा आहे. आमच्या संमतीशिवाय हे होणारच नाही असं ते ठणकावून सांगतायत, कोर्टातही गेलेत. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हे लोक धरलेच नाहीत याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

"यूएनचा कायदा पाइपलाइन देतो." सागरी कायद्याच्या करारात किनारा नसलेल्या देशांना समुद्रापर्यंत जाण्याचा हक्क आहे हे बरोबर, पण अटी शेजारी देशाशी ठरवून. आणि कलम १२४ वाचा ना एकदा: वाहतुकीच्या साधनांत रेल्वे, जलमार्ग, रस्ता हे येतं, पाइपलाइन फक्त दोन्ही देश राजी असतील तर. अमेरिकेने तर हा करार मंजूरच केलेला नाही. २०१५ मध्ये सीमेवर ट्रक अडले तेव्हा नेपाळचे इंधनाविना काय हाल झाले ते आपण बघितलंय, हक्क कागदावर त्यांच्याकडेही होता.

"ओटावाला पैसे पाठवणं बंद." अल्बर्टा सरकार असा कुठला चेक पाठवत नाही. तिथल्या लोकांचं उत्पन्न जास्त, म्हणून ते केंद्रीय कर जास्त भरतात, आणि त्या तिजोरीतून गरीब प्रांतांना मदत जाते. त्याच तिजोरीतून केंद्राने २०१८ मध्ये ट्रान्स माउंटन पाइपलाइन ४.५ अब्ज डॉलरला विकत घेतली आणि वाढवून २०२४ मध्ये सुरू केली, त्यातून जातं ते अल्बर्टाचंच तेल.

पीआरचं म्हणाल तर तो कॅनडा सरकार देतं, अल्बर्टा फक्त नाव सुचवू शकतो. सार्वमताच्या निकालाने कुणाचं पीआर कार्ड रद्द होत नाही, त्यामुळे या मेसेजवरून नोकरी सोडू नका, घर विकू नका.

अल्बर्टाची तक्रार खोटी आहे असं मी अजिबात म्हणत नाही. नॉर्दर्न गेटवे पाइपलाइन नाकारली गेली, एनर्जी ईस्ट पाइपलाइन बारगळली, ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तर किनाऱ्यावर तेलाच्या टँकरना बंदी आली, ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांचा संताप खराच आहे. पण वेगळं होण्याची भाषा उपयोगी पडते ती सौद्यात. २७ नोव्हेंबर २०२५ ला कार्नी आणि स्मिथ यांनी कॅल्गरीत नव्या पाइपलाइनसाठी समझोत्यावर सह्या केल्या, आणि ती न्यायची आहे ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्याला. तो किनारा ज्या देशात आहे त्याच देशात राहून ती मागणं सोपं, की बाहेर पडून?